सर्व्हरच्या ॲडमिनिस्ट्रेटरशी संपर्क साधा

परवाच्या विकांताला साताऱ्याला घरी गेलो होतो. पाठीवरची सॅक खाली ठेवतोय तोवर बाबा म्हणाले, "अरे, ते अंकाचं काम मी सोडतोय. आता जमत नाही मला."

मला वाटलं तब्येतीचं काहीतरी. तर नाही. कारण निघालं फाइल शेअरिंग!

आधी थोडी पार्श्वभूमी. बाबा एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झाले आणि गेली बारा-तेरा वर्षं इथल्या एका छोट्या वाचनालयाचं त्रैमासिक तेच जुळवतात. टायपिंग होतं २००५ साली असेंबल करून घेतलेल्या डबड्यावर. त्यावर विंडोज एक्सपी. "बदलून टाका की" असं म्हणू नका, मी म्हणून झालंय. त्यांचं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर युनिकोडच्या आधीच्या जमान्यातलं आहे. त्याचं लॉक म्हणजे प्रिंटरच्या पोर्टात मागून खोचायचा एक ठोकळा, आणि तो पोर्ट हल्लीच्या मशीनना नसतो. त्या फॉन्टातली फाइल दुसऱ्या मशीनवर उघडली की मराठीऐवजी रोमन अक्षरांची भेळ दिसते. म्हणून मजकूर एक्सपीवर लावायचा, पीडीएफ करायची आणि ती टेबलाच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या लॅपटॉपच्या शेअर्ड फोल्डरमध्ये टाकायची. लॅपटॉप २०११चा, विंडोज ७वाला. प्रिंटर त्याला जोडलेला. आई तिथे बसून प्रुफं तपासते.

वर्षानुवर्षं हे गुण्यागोविंदाने चाललं होतं. दिवाळीनंतर बंद पडलं. एक्सपीवरच्या शॉर्टकटवर डबल क्लिक केलं की वाळूचं घड्याळ बराच वेळ येतं आणि मग एक खिडकी उघडते. तिचा मराठीत अर्थ साधारण असा: ही जागा उघडता येत नाही. हे नेटवर्क रिसोर्स वापरायची परवानगी तुम्हाला कदाचित नसेल. परवानगी आहे का, हे जाणण्यासाठी या सर्व्हरच्या ॲडमिनिस्ट्रेटरशी संपर्क साधा. आणि खाली शेपूट: नेटवर्क पाथ सापडला नाही.

आमच्या घरी सर्व्हरचे ॲडमिनिस्ट्रेटर म्हणजे बाबाच. त्या वेळी बनियनवर बसून मटार सोलत होते.

तीन महिने त्यांनी पेनड्राइव्हवर ढकललं. 'अंक अंतिम', 'अंक अंतिम २', 'अंक अंतिम नवा' अशा फाइली दोन्हीकडे साठत गेल्या. आणि जानेवारीच्या अंकात व्हायचं ते झालं. दिवंगत सभासदांच्या श्रद्धांजलीच्या पानावर एक नाव चुकून पडलं होतं, ते आईने प्रुफात कापलंही होतं. पण प्रेसला गेली जुनी फाइल. ज्या मास्तरांचं नाव छापून आलं ते रोज सकाळी फिरायला जातात, ठणठणीत आहेत. बाबा त्यांच्या घरी जाऊन माफी मागून आले. मास्तर हसले, चहा पाजला, म्हणाले, आयुष्य वाढलं. बाबांना मात्र ते फार लागलं.

तर हे 'आता जमत नाही मला' तिथून आलेलं होतं.

शनिवारी जेवण झाल्यावर बसलो. खिडकीत 'परवानगी' लिहिलंय म्हटल्यावर मी परवानग्यांच्या मागे लागलो. फोल्डरची शेअर परवानगी वेगळी आणि डिस्कवरची एनटीएफएस परवानगी वेगळी, ही दोन कुलपं असतात आणि दोन्ही उघडी लागतात. दोन्ही उघडीच होती. मग पासवर्ड. मग वर्कग्रुपचं नाव (त्याने खरं तर यादीत दिसण्या-न दिसण्यापुरताच फरक पडतो, पण माणूस हताश झाला की काहीही करतो). दुपारचे चार वाजले. एक्सपीच्या कोपऱ्यात पिवळा त्रिकोण होता, 'मर्यादित कनेक्टिव्हिटी'. त्यात आणखी अर्धा तास गेला. तोही निरुपयोगी! पत्ते वाटणारा राउटर नसला की मशीन स्वतःच १६९.२५४ने सुरू होणारा पत्ता घेतं आणि दोन मशीन त्या पत्त्यांवर अगदी व्यवस्थित बोलू शकतात. २००५ सालच्या आरएफसी ३९२७मध्ये हे रीतसर लिहिलेलं आहे.

शेवटी आधी करायला हवं होतं ते केलं. लॅपटॉपवरून एक्सपीला पिंग केलं. उत्तर आलं. एक्सपीवरून लॅपटॉपला पिंग केलं. शुकशुकाट. म्हणजे वायर ठीक, दोन्ही कार्डं ठीक, लॅपटॉपच दार उघडत नाहीये. त्याची फायरवॉल क्षणभर बंद केली आणि शेअर्ड फोल्डर टुणकन उघडला.

आणि मग लॅपटॉपच्या नेटवर्कच्या पानावर ते दिसलं: 'अनआयडेंटिफाइड नेटवर्क'. त्याखाली, 'पब्लिक नेटवर्क'.

आता कबुलीजबाब. हे सगळं मी केलेलं होतं. घरी आता मोबाइलवरच नेट चालतं, म्हणून दिवाळीत मी जुना ब्रॉडबँडचा राउटर काढून माळ्यावर टाकला आणि दोन्ही मशीन सरळ एका वायरीने जोडली. मोठ्या रुबाबात सांगितलं होतं, "बाबा, एक्सपी नेटवर ठेवणं बरं नाही." ते खोटं नव्हतं. एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ला संपला. मे २०१७मध्ये वॉनाक्राय जगभर पसरला तो याच फाइल शेअरिंगच्या जुन्या प्रोटोकॉलमधल्या भोकातून. चालू विंडोजसाठी ठिगळ मार्चमध्येच आलं होतं, एक्सपीसाठी हल्ला झाल्यावर खास काढावं लागलं. तर सल्ला बरोबर होता. पण विंडोज ७ एखादं नेटवर्क ओळखतं ते मुख्यतः त्याच्या गेटवेवरून, म्हणजे राउटरवरून. राउटर गेला, गेटवे गेला, ओळख गेली. अनोळखी नेटवर्क म्हणजे स्टेशनवरच्या वायफायसारखं धरायचं, म्हणून शेअरिंगचं दार बंद. जगातली सगळ्यात सुरक्षित दोन मीटर वायर माझ्या सल्ल्याने रेल्वे स्टेशन झाली!

यावर माझी तक्रार नाही. शंका असली तर दार बंद ठेवा, हा नियम मला पटतो. मला राग आहे तो दार बंद केल्याचं घरमालकाला न सांगण्याचा. आणि हा राग कुणा एका कंपनीवर नाही, आपल्या सगळ्या जमातीवर आहे. म्हणजे तुम्ही आणि मी, जे दिवसभर इफ-एल्स लिहितो आणि एल्सच्या पुढे कंटाळतो.

बघा, त्या क्षणी कोणाला काय माहीत होतं? लॅपटॉपला सगळं माहीत होतं. नेटवर्क ओळखलं नाही, म्हणून शेअरिंग थांबवलं, एवढं एक वाक्य तो आपल्याच स्क्रीनवर आपल्याच मालकाला सांगू शकत होता. त्याने दोन शब्द एका कोपऱ्यात लिहिले आणि गप्प बसला. एक्सपीला फारसं माहीत नव्हतं, मान्य. फायरवॉल मुद्दाम गप्प राहते, चोराला 'इथे घर आहे' हेही कळू नये म्हणून. पण एक गोष्ट एक्सपीलाही नक्की माहीत होती: पलीकडून काहीच उत्तर आलेलं नाही. 'नाही' म्हणणं आणि उत्तरच न देणं यांत फरक असतो, आणि टीसीपीला तो फरक १९८१ सालच्या आरएफसी ७९३पासून कळतो. नकार असेल तर रीसेट येतो, नाहीतर वाट बघून टाइमआउट. इतकी स्वच्छ माहिती खालून वर येते आणि सगळ्यात वरच्या थरात कुणीतरी तिचा लगदा करून 'कदाचित परवानगी नसेल' लिहितो. तो 'कदाचित' म्हणजे शुद्ध अंदाज. त्या अंदाजापायी मी चार तास घालवले आणि बाबांनी तीन महिने.

सगळेच संदेश असे नसतात हेही सांगायला हवं. याच एक्सपीमध्ये रिकाम्या पासवर्डने नेटवर्कवरून आत जायला गेलात तर तो लॉगऑन फेल्युअर देतो, आणि संभाव्य कारणांत 'रिकामा पासवर्ड चालत नाही' हे पहिलंच असतं. वाचलं, पासवर्ड ठेवला, विषय संपला. म्हणजे जमतं. मनावर घेतलं तर जमतं.

आपल्या हापिसांतलं ठरलेलं उत्तर मला पाठ आहे: युजरला कळत नाही, त्याला तांत्रिक तपशील देऊन घाबरवू नका. कुठला युजर? माझे बाबा बत्तीस वर्षं नादुरुस्त गाड्या बघत होते. तिथे 'गाडी सुरू होत नाही' ही तक्रारच नसते. हॉर्न वाजतो पण स्टार्टर फिरत नाही, ही तक्रार. 'काहीतरी बिघडलंय, कृपया पुन्हा प्रयत्न करा' असं जॉबकार्डवर कुणी लिहून दिलं असतं तर फोरमनने ते कार्ड त्याच्या तोंडावर फेकलं असतं. ज्या माणसाला इंजिनाचा आवाज ऐकून व्हॉल्व्ह कळतो, त्याला आपण कारण सांगत नाही आणि वर म्हणतो त्याला कळत नाही. आणि तो सज्जन माणूस ते खरं मानून बसतो.

सुरक्षिततेसाठी लपवावं लागतं म्हणता? बाहेरच्यापासून लपवा ना. घरमालकापासून लपवल्यावर काय होतं ते मी स्वतः केलं. शनिवारी संध्याकाळी साडेपाचला आमच्या लॅपटॉपवर फायरवॉल बंद होती, पासवर्डची अट काढलेली होती आणि फोल्डरवर 'एव्हरीवन, फुल कंट्रोल' होतं. आणि चालत होतं! नव्वद टक्के माणसं तिथेच लॅपटॉप मिटून चहा पितील, आणि मी त्यांना दोष देणार नाही. त्याच लॅपटॉपला आई अधूनमधून फोनचा हॉटस्पॉट लावून कीर्तनं बघते. (विंडोज ७चाही सपोर्ट १४ जानेवारी २०२०ला संपलाय हे मी तिला सांगितलंय. "बरं," म्हणते आणि बघते.) कारण न सांगणारी सुरक्षा माणसाला एक-एक कुलूप काढायला लावते, आणि नेमकं कुठलं आड येत होतं हे त्याला माहीत नसल्याने तो सगळीच काढून ठेवतो.

"क्लाउडवर टाका की" हा दुसरा सल्ला. एका टेबलाच्या या टोकावरून त्या टोकाला फाइल न्यायला ती आधी कुठल्यातरी डेटा सेंटरला पाठवायची, तीही एक्सपी नेटला जोडून? नको.

असो. मी सगळी कुलपं परत लावली आणि माळ्यावरून राउटर काढला. धूळ पुसली, नेटची वायर न लावता नुसता टेबलावर ठेवला आणि दोन्ही मशीन त्याला जोडली. लॅपटॉपने तो गेटवे लगेच ओळखला, काही विचारलंसुद्धा नाही, जुना 'होम नेटवर्क' परत आला. एक्सपीवर डबल क्लिक. फोल्डर उघडला.

बाबांना सगळं सांगितलं, गेटवेसकट. म्हणाले, "म्हणजे राउटर काढला म्हणून. मग तसं लिहायला काय झालं होतं त्याला?"

मी म्हटलं, "तसं लिहीत नाहीत, बाबा."

"तू पण नाही लिहीत?"

यावर मी काही बोललो नाही. सोमवारी हापिसात आमच्या कोडमध्ये शोधलं, तर 'काहीतरी चुकलं' अशा अर्थाचे अकरा संदेश निघाले. त्यातले चार माझ्या नावावर. एकाला तर मी रिव्ह्यूमध्ये 'नेमकं कारण युजरला दाखवू नये' अशी टीपही जोडली होती. चारही बदलून पाठवलेत, रिव्ह्यू अजून व्हायचाय.

बाबांची एक वही आहे, कॉम्प्युटरची. रविवारी निघताना त्यांनी त्यात लिहिलेलं वाचलं: 'राउटर काढू नये. काढल्यास लॅपटॉप नेटवर्क ओळखत नाही व शेअरिंग बंद करतो. खूण: तिकडून इकडे पिंग जाते, इकडून तिकडे जात नाही. उपाय: राउटर लावणे. फायरवॉल बंद करू नये.' एप्रिलच्या अंकाची फाइल तोवर पलीकडे गेली होती, आणि आई प्रुफं बघत होती.