फोटो आला, पण माणूस जिवंत आहे का?

३ एप्रिल २०२१. आपल्या गडचिरोलीला लागून असलेल्या बिजापूर जिल्ह्यात, सुकमाच्या सीमेवर नक्षलवाद्यांशी झालेल्या चकमकीत २२ जवान शहीद झाले. कोब्रा तुकडीचा एक जवान, राकेश्वरसिंह मनहास, बेपत्ता होता. तो आपल्या ताब्यात असल्याचं नक्षलवाद्यांनी कळवलं. घरची मंडळी जम्मूत. वडिलांना सोडा अशी विनवणी करणाऱ्या त्याच्या चिमुकल्या मुलीचा व्हिडिओ सगळ्यांच्या मोबाईलवर फिरला. ७ एप्रिलला पानांच्या झोपडीत बसलेल्या मनहासचा फोटो आला. ८ एप्रिलला धर्मपाल सैनी यांच्यासह मध्यस्थ आणि स्थानिक पत्रकार जंगलात गेले, तेव्हा शेकडो गावकऱ्यांसमोर त्याला सोडण्यात आलं.

घरच्यांना धीर त्या फोटोनं दिला असेल. पण फोटोवरून माणूस ओळखता येतो, फोटो कधी काढला ते कळत नाही. खरी खात्री पटली ती माणसं जाऊन त्याला घेऊन आली तेव्हाच.

सुकमाचे जिल्हाधिकारी ॲलेक्स पॉल मेनन यांचं २१ एप्रिल २०१२ रोजी अपहरण झालं, तेव्हाही हेच दिसलं. त्यांना दम्याचा त्रास. माजी आमदार मनीष कुंजाम त्यांची औषधं घेऊन जंगलात गेले. ३ मे रोजी मेनन सुटले. औषध पोचवणारा माणूस हाच त्या दिवसांतला सर्वांत भक्कम पुरावा होता.

पूर्वी ओलिसाच्या हातात त्या दिवसाचं वर्तमानपत्र देऊन फोटो काढत. इटलीचे माजी पंतप्रधान आल्दो मोरो यांचा १९७८ मधला तसा फोटो जगप्रसिद्ध आहे. तारीख छापलेली, त्यामुळे त्या दिवशी माणूस जिवंत होता एवढं तरी नक्की. आज ते वर्तमानपत्र, तो चेहरा, तो आवाज, सगळं संगणकावर बनतं. आवाजाची नक्कल करायला काही सेकंदांचं रेकॉर्डिंग पुरतं, आणि ते आपणच स्टेटसला टाकलेलं असतं.

उलटही घडतं. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या युटा राज्यात शिकणाऱ्या १७ वर्षांच्या चिनी मुलाला भामट्यांनी फोनवरूनच धमकावून डोंगरात एकटं राहायला लावलं, अपहरण झाल्यासारखे फोटो काढायला लावले. चीनमधल्या आईवडिलांनी सुमारे ८० हजार डॉलर पाठवले. मुलगा एका तंबूत थंडीत एकटाच सापडला. फोटो खरा, मुलगा खरा, अपहरण मात्र खोटं!

चंद्रपूर, बल्लारपूर, राजुऱ्यातली आपली किती तरी मुलं हैदराबाद-पुण्यात शिकतात, कुणी आखाती देशांत नोकरीला आहेत. रात्री फोन येतो, मागून रडण्याचा आवाज, 'अम्मी, पैसे भेजो'. अशा वेळी काय करायचं?

उर्दूत ज्याला आपण तस्दीक म्हणतो, ती आधी करायची. फोन ठेवून मुलाच्या नेहमीच्या नंबरवर लावा. लागला नाही तर रूममेट, हॉस्टेल, कामाचं ठिकाण. समोरचा फोन ठेवू देत नसेल तर घरातल्या दुसऱ्यानं दुसऱ्या फोनवरून हे करावं. आणि एक प्रश्न विचारा, ज्याचं उत्तर फेसबुकवर नाही. नानीच्या घरची बकरी कुठल्या रंगाची होती? मुलगा जवळ असेल तर उत्तर येईल, नसेल तर शिवीगाळ येईल. घरातल्या घरात एक परवलीचा शब्द आजच ठरवून ठेवा. पैसे पाठवण्याआधी ११२ ला कळवा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर.

पण आम्हाला खरी बोच वेगळीच आहे. जवानाचा निदान फोटो आला. जिल्हाधिकाऱ्यासाठी मध्यस्थ धावले. भामरागड तालुक्यातल्या कसनासूरच्या गावकऱ्यांसाठी कोण धावलं? खबरी असल्याच्या आरोपावरून नक्षलवाद्यांनी माणसं नेली आणि जानेवारी २०१९ मध्ये तिघांचे मृतदेह रस्त्यावर टाकले. माडिया-गोंड आईला आपला मुलगा जिवंत आहे का, हे कुणी फोटो पाठवून कळवलं नाही. तिला कळलं ते थेट मृतदेह पाहून.

१५ ऑक्टोबर २०२५ रोजी भूपतीनं ६० साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रं ठेवली. जंगल शांत होतंय, टॉवरही येताहेत. पण नुसत्या टॉवरनं तस्दीक होत नाही. त्यासाठी तक्रार पहिल्याच दिवशी लिहून घेणारं पोलीस ठाणं लागतं आणि आईची भाषा समजणारा माणूस लागतो. ते आलं, तर जिल्हा खरोखर जोडला गेला असं आम्ही म्हणू.