हात थरथरला, तरी चित्र थरथरू नये

मैत्रिणींनो, बारशाचं किंवा मुंजीचं मोबाइलवरचं चित्रण बघताना तुम्हालाही कधी गरगरलं असेल. आपण हसतो आणि सोडून देतो. मीही सोडून देत असे. पण या खेपेला सोडून देण्याजोगं नव्हतं.

माझं माहेर सांगलीचं, गावभागातलं. त्या घरानं २००५ चा पूर सोसला, ऑगस्ट २०१९ चाही सोसला. पण त्यानंतर भिंतींची ओल काही हटेना, आणि सत्तरी ओलांडलेल्या आईला एकटीनं राहणं झेपेना. शेवटी घर विकायचं ठरलं. घेणारे ते पाडून नवं बांधणार. किल्ल्या द्यायला पंधरा दिवस उरले असताना मी साताऱ्याहून एसटीनं गेले. आईला म्हटलं, "तू घरभर फिर आणि सांगत जा. मी मागून मोबाइल धरते."

आई बोलत गेली. ही आजोबांची खुंटी, इथं तुझा पाळणा होता, भिंतीवरची ही रेघ पुराच्या पाण्याची. मी मागोमाग. साताऱ्याला परत येऊन टीव्हीवर लावलं, तर खुंटी नाचतेय, पाळण्याची कडी पळतेय आणि पुराची रेघ कुठं आली नि कुठं गेली, पत्ताच नाही. फोनवर आईलाही पाठवलं. ती म्हणाली, "अगं, हे घर आहे का होडी?" मी हसले खरी, पण पोटात कालवलं. घर अजून आठवडाभरच आपलं होतं.

माझ्या दिराच्या मुलाला असल्या गोष्टींचा नाद. तो म्हणाला, "काकू, अंगावर बांधायचा स्टॅबिलायझर घ्या, हजाराच्या आतबाहेर मिळतो." मागवला. छातीवर एक पाटी, खांद्यावरून-कमरेवरून पट्टे, पुढे आलेला दांडा आणि टोकाला मोबाइल धरणारा चिमटा, बस्स! मला वाटलं, झालं काम. आमच्या गॅलरीत बांधून पाहिला. उभी राहिले तर चित्र छान, ठाम. चालू लागले की प्रत्येक पावलाला हिसका!

कारण साधं आहे. हाताची थरथर गेली. पण मोबाइल आता अंगालाच बांधलेला, म्हणून टाच आपटली की धक्का थेट चित्रात. सिनेमावाल्यांच्या साधनात हीच अडचण सोडवलेली असते. अमेरिकेतल्या गॅरेट ब्राऊन यांनी १९७५ च्या सुमाराला स्टेडीकॅम पुढे आणला. त्यात अंगातलं जाकीट आणि कॅमेरा यांच्यामध्ये स्प्रिंगचा हात असतो, तो पावलांचे धक्के गिळतो. शिवाय लांब दांड्याच्या एका टोकाला कॅमेरा आणि दुसऱ्या टोकाला वजन. डोंबारी दोरीवर चालताना हातात लांब काठी आडवी का धरतो? वजन दूरवर पसरलं की वस्तू चटकन कलत नाही. तेच तत्त्व इथं. १९७६ च्या 'रॉकी' चित्रपटात नायक पायऱ्या धावत चढतो, ते दृश्य याच साधनानं टिपलेलं आहे.

आपल्या हजाराच्या पट्ट्यात स्प्रिंग नाही, तेव्हा ते काम आपल्या गुडघ्यांनी करायचं. आपल्या आज्या डोक्यावर भरलेला हंडा घेऊन नदीवरून येत, पाणी सांडत नसे. गुडघे किंचित वाकलेले, पावलं लहान, टाच अलगद टेकवून मग चवडा. तस्सं चालायचं. मी चार दिवस हॉलमध्ये हातात पाण्याची वाटी धरून सराव केला. यजमान म्हणाले, "नृत्याच्या क्लासला नाव घातलंस का?"

पट्टा वापरणार असाल तर एवढं सांभाळा:

पट्टे घट्ट हवेत, पण श्वास कोंडता कामा नये. पदर खांद्याला पिन लावून मागे घ्या, नाहीतर नेमका तोच समोर येतो.

मोबाइल आडवा धरा, भिंग मऊ कापडानं पुसा. दूरचं जवळ ओढू नका. त्यानं थरथरही मोठी दिसते. चार पावलं आपणच पुढे जा.

मोबाइलमध्ये चित्र स्थिर करण्याची सोय असेल तर ती चालू ठेवा. मात्र त्यात कडेचा थोडा भाग कापला जातो, म्हणून वस्तू अगदी काठावर घेऊ नका.

खिडक्या उघडा. अंधारात चित्र पुसट होतं, मग कितीही स्थिर धरा, उपयोग नाही.

प्रत्येक खोलीत आधी उंबऱ्यात उभं राहून मनात दहा आकडे मोजा, मगच वळा, तेही कमरेतून सावकाश. आणि फोन येणार नाही अशी व्यवस्था करा.

पट्टा घ्यायचाच नसेल, तर दोन्ही कोपरं बरगड्यांना टेकवून, भिंतीला पाठ लावून उभ्या राहा. हेही पुष्कळ काम करतं.

शेवटच्या रविवारी पुन्हा सांगलीला गेले. आई पट्टे बघून म्हणाली, "हे काय, लढाईला निघालीस?" पण या वेळी मी तिच्यामागं धावले नाही. ती बोलेल तिथं थांबले. खोल्या नीट आल्या. माडीचा जिना मात्र हललाच. तिथं माझे गुडघे कमी पडले. पुराच्या रेघेपाशी आईनं हात ठेवला, आणि तो हात, ती रेघ, दोन्ही स्वच्छ दिसतात.

आता आई आमच्याकडे साताऱ्याला असते. सगळं चित्रण ती बघत नाही. स्वयंपाकघर तेवढं लावायला सांगते, आणि म्हणते, "थांब, इथंच थांबव. माझा पाटा दिसतोय."

तुमच्याही ओळखीत एखादं घर जायचं असेल, एखादी आजी थकत चालली असेल, तर पट्टा येण्याची वाट बघू नका. दोन्ही कोपरं अंगाशी घ्या आणि येत्या रविवारीच जाऊन या. आणि परत निघण्याआधी तिथंच एकदा लावून बघा. चुकलं असेल तर पुन्हा घेता येतं. मला दुसरी संधी मिळाली, ती प्रत्येकीला मिळतेच असं नाही.