कसारा मार्गावरील विजेच्या वाटणीचे गणित

आटगाव - कल्याण-कसारा मार्गावरील आटगाव स्थानकातून रोज मुंबईकडे निघणाऱ्या प्रवाशाला वेळापत्रक तोंडपाठ असते. त्यामागील विजेचे गणित सहसा ठाऊक नसते. तिसऱ्या मार्गिकेनंतर या पट्ट्यात गाड्या वाढवायच्या असतील, तर ते समजून घेणे अगत्याचे आहे.

मुंबईत ३ फेब्रुवारी १९२५ रोजी पहिली विजेची गाडी १५०० व्होल्टच्या एकदिश प्रवाहावर धावली. या पद्धतीत शेजारशेजारची उपकेंद्रे मिळून एकाच तारेला वीज पुरवीत. गाडी ज्याच्या जवळ, त्याच्यावर अधिक भार पडे. उर्वरित भार पुढचे उपकेंद्र उचलीत असे. मध्य रेल्वेच्या मुख्य उपनगरी मार्गाचे २५ हजार व्होल्टच्या प्रत्यावर्ती प्रवाहावर रूपांतर २०१५ मध्ये पूर्ण झाले. आता उपकेंद्रांचे विभाग एकमेकांपासून विलग ठेवले जातात. वाटणीचा प्रश्न मात्र संपला नाही. तो गाडीच्या पोटात शिरला.

आधुनिक इंजिनांत व लोकलमध्ये विजेचे रूप बदलणारे अनेक परिवर्तक एकत्र काम करतात. समजा, चार समांतर परिवर्तकांवर मिळून एक हजार अँपिअरचा भार आहे. प्रत्येकाच्या वाट्याला अडीचशे यायला हवेत. एकाने २८० घेतले, तर प्रवाह १२ टक्केच वाढतो. पण वाहकातील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने ती २५ टक्क्यांनी चढते. तो आधी निकामी होतो आणि त्याचा भार उरलेल्या तिघांवर कोसळतो.

यावर दोन उपाय आहेत. भार वाढताच प्रत्येक परिवर्तकाने आपले व्होल्टेज किंचित उतरवावे, हा पहिला. तो साधा व भरवशाचा. परंतु एकूण व्होल्टेज घसरते. दुसऱ्यात सर्वांना समान हिश्श्याचा संदेश दिला जातो. वाटणी अचूक होते, मात्र संदेशवहन तुटल्यास सारी व्यवस्था अडखळते.

डब्ल्यूएजी-९ मालवाहू इंजिनात दोन बोगींसाठी दोन स्वतंत्र परिवर्तक असतात. एक बंद पडल्यास दुसऱ्यावर निम्म्या ताकदीने इंजिन चालते. सपाटीवर एवढे पुरते. कसारा घाटातील ३७ फुटांस एक फूट चढावर नाही. तेथे गाडी अडकली, की मागच्या गाड्या खोळंबतात आणि त्याची झळ आटगाव, खर्डी, आसनगावपर्यंत पोहोचते.

नव्या रुळांइतकेच महत्त्व म्हणूनच देखभालीला हवे. परिवर्तकांमधील प्रवाहाची तफावत नियमित तपासली, तर बिघाड कारशेडमध्येच पकडता येईल. अन्यथा तो घाटात उघडकीस येईल आणि त्याची किंमत फलाटावरचा प्रवासी मोजेल.