नारळ कुणाला द्यायचा?

'राइटसायझिंग', 'रिस्ट्रक्चरिंग', 'रिसोर्स ऑप्टिमायझेशन'... नाव काहीही द्या हो, मराठीत त्याला नारळ देणंच म्हणतात! कंपनीवर वेळ आली की माणसं कमी होतात, हे आपल्या पिढीला पाठ झालंय. माझा प्रश्न त्यापुढचा. नारळ कुणाला, हे ठरवतं कोण आणि कशावरून?

कायद्याचं उत्तर सरळ आहे : शेवटी आला तो आधी जाणार. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात हे होतं, २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. क्रम मोडायचा तर मालकानं कारण नोंदवायचं. वर्षभरात पुन्हा भरती निघाली, तर काढलेल्यांना आधी विचारायचं. गोम एवढीच, की हे संरक्षण 'कामगारां'ना. मॅनेजर मंडळी त्यात बसत नाहीत.

आणि नवखेपणा हा तरी काय गुन्हा? ऑक्टोबर २००८ मध्ये जेट एअरवेजनं शेकडो केबिन क्रूला एका फटक्यात घरी बसवलं. त्यात प्रोबेशनवरची पोरं-पोरी होती. मुंबईत निदर्शनं झाली आणि कंपनीनं लगेच त्यांना परत घेतलं.

मग ऑफिसं 'परफॉर्मन्स'कडे वळतात. ऐकायला एकदम फेअर! पण माझ्या एका मैत्रिणीचं ऐका. हिंजवडीत नोकरी, सलग पाच वर्षं झकास रेटिंग. बाळंतपणाच्या रजेवरून परतली, तर रेटिंग धाडकन खाली. सहा महिने हातात प्रोजेक्टच नाही, तर दाखवणार काय? पुढे यादी निघाली, त्यात तिचं नाव. यादी म्हणे 'फक्त रेटिंगवर' केली होती. नोकरी गेल्याचं दुःख तिला आहेच. पण राग जास्त आहे तो याचा, की 'मीच का?' याचं उत्तर कुणी दिलं नाही.

फेअर करायचं तर अवघड नाही, बॉस. निकष आधी जाहीर करा. एकाच रेटिंगवर विसंबू नका. रजेचा काळ वगळून मोजा. गुण एकट्या साहेबानं न देता दोघांनी द्यावेत. आणि काढण्याआधी त्या माणसाला त्याचे गुण दाखवा, त्याला बोलू द्या.

आपण काय करायचं? अप्रेझलचे कागद जपून ठेवायचे. रेटिंग पटलं नाही तर कॅन्टीनमध्ये कुरकुर करण्यापेक्षा त्याच आठवड्यात लेखी विचारायचं. यादी निघाल्यावर विचारलं, तर उत्तर द्यायला कुणी बांधील नसतं.