उडी उंच, पण खिसा पाहून

दहावीत मुलाला नव्वदच्या पुढे गुण मिळाले की घरात पहिला विषय निघतो तो डॉक्टरकीचा. आजी तर नातीला आतापासूनच डॉक्टरीणबाई म्हणू लागते. पुढची दोन वर्षे क्लास, सराव परीक्षा आणि पहाटेच्या अभ्यासात जातात. नीटचा निकाल लागतो आणि मग कुणी फारसा विचार न केलेला प्रश्न समोर उभा राहतो. महाविद्यालयांच्या पसंतीची यादी भरायची कशी? त्यातही घरची मिळकत बेताची असेल तर मोठ्या, नामवंत संस्थांची नावे लिहायची तरी का?

लिहायची, आणि अगदी वर लिहायची. मात्र मोठी संस्था वेगळी आणि महाग संस्था वेगळी. हा फरक न कळल्यामुळे अनेक घरांची फसगत होते.

स्पर्धा किती आहे ते आधी लक्षात घ्यावे. २०२५ मध्ये २२ लाखांहून अधिक विद्यार्थ्यांनी नीट दिली. देशभरातील एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास आणि त्यातल्या साधारण निम्म्याच सरकारी. म्हणजे कमी खर्चात डॉक्टर होण्याची खरी चुरस या निम्म्या जागांसाठी असते.

दारे किती आणि कोणती?

सरकारी महाविद्यालयांतील १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरल्या जातात. १९८४ च्या डॉ. प्रदीप जैन खटल्यातील सर्वोच्च न्यायालयाच्या निकालातून हा कोटा पुढे आला. त्यामुळे इंदूरच्या मुलीला मुंबईत आणि नागपूरच्या मुलाला चेन्नईत शिकण्याची वाट मोकळी झाली. या जागांचे वाटप दिल्लीची मेडिकल कौन्सेलिंग कमिटी करते. एम्स, पुदुच्चेरीचे जिपमेर आणि सर्व अभिमत विद्यापीठांचे प्रवेशही हीच समिती पाहते.

उरलेल्या ८५ टक्के जागा त्या त्या राज्याच्या असतात. इथे बाहेरगावी राहणाऱ्या मराठी कुटुंबांची हमखास गफलत होते. आडनाव मराठी आहे, गाव साताऱ्याकडचे आहे, म्हणून महाराष्ट्राच्या कोट्यात जागा मिळत नाही. त्यासाठी साधारणपणे दहावी आणि बारावी महाराष्ट्रातून झालेली असावी लागते आणि अधिवासाचा दाखलाही लागतो. बडोदे, इंदूर किंवा हैदराबादमध्ये वाढलेल्या मुलांनी आपल्या राहत्या राज्याचाच कोटा हक्काचा मानावा. केंद्र सरकारी नोकरांच्या बदल्या आणि कर्नाटक सीमाभागातील विद्यार्थी यांच्यासाठी वेगळ्या तरतुदी आहेत, पण त्यांच्या अटी नेमक्या आहेत. त्या माहितीपुस्तिकेत वाचूनच आशा धरावी.

गुण नव्हे, क्रमांक पाहा

‘गेल्या वर्षी ६५० ला कुठे मिळाले होते?’ हा प्रश्न दर वर्षी विचारला जातो आणि दर वर्षी तो चुकीचाच असतो. २०२४ च्या सुधारित निकालात ७२० पैकी ७२० गुण मिळवणारे १७ विद्यार्थी होते. २०२५ मध्ये प्रश्नपत्रिका कठीण निघाली आणि देशात पहिल्या आलेल्या विद्यार्थ्याला ६८६ गुण मिळाले. एका वर्षाचे गुण दुसऱ्या वर्षाच्या मापाला लावले की हिशेब पार कोसळतो. तुलना करायची ती अखिल भारतीय क्रमांकाची, आणि तीही आपल्याच प्रवर्गाची.

गेल्या दोन-तीन वर्षांत कोणत्या महाविद्यालयाचा प्रवेश कोणत्या फेरीत कोणत्या क्रमांकावर थांबला, याचे आकडे समितीने आणि राज्यांनी जाहीर केलेले असतात. एक साधी वही घेऊन त्यांचे तीन रकाने पाडावेत. आपला क्रमांक जिथे थोडा कमी पडतो त्या झेपेच्या जागा. जिथे जवळपास जुळतो त्या जोडीच्या. आणि जिथे तो बराच वरचढ ठरतो त्या भरवशाच्या. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत आकडे खाली सरकतात, म्हणून प्रत्येक फेरीचा आकडा वेगळा लिहावा.

वर लिहिल्याने काही जात नाही

अनेक पालकांना भीती वाटते की अशक्य वाटणारे नाव पहिले लिहिले तर पुढची जागा हातची जाईल. ही भीती निराधार आहे. जागावाटप गुणवत्ता क्रमांकाने होते. विद्यार्थ्याची पाळी आली की त्याची यादी वरून खाली पाहिली जाते आणि पहिली उपलब्ध जागा त्याला मिळते. वरच्या पाच जागा भरलेल्या असल्या तरी सहाव्या जागेवरचा त्याचा हक्क तसूभरही कमी होत नाही. म्हणून झेपेची नावे कंजुषी न करता वर लिहावीत.

आणि इथेच बेताच्या मिळकतीच्या घरांना एक आनंदाची गोष्ट कळते. आपल्या देशात वैद्यकीय शिक्षणातल्या अनेक सर्वांत मोठ्या उड्या खर्चाने सर्वांत लहान आहेत. १९५६ मध्ये स्थापन झालेल्या दिल्लीच्या एम्सची वर्षाची फी अवघी काही हजार रुपये आहे. नागपूरसह इतर ठिकाणची एम्स त्याच वाटेने चालतात. मुंबईचे १८४५ पासूनचे ग्रँट मेडिकल कॉलेज किंवा १९२६ मध्ये सुरू झालेले केईएम रुग्णालयाचे सेठ जी. एस. मेडिकल कॉलेज यांचे नाव मोठे आहे, पण फी सरकारी किंवा पालिकेच्या दराची. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात शिक्षणाचा खर्च सरकार उचलते. मात्र तिथून बाहेर पडणाऱ्याला सैन्यदलात सेवा करावी लागते आणि ती टाळायची तर मोठी रक्कम भरावी लागते. नीटनंतर तिथे स्वतंत्र चाचणी, मुलाखत आणि वैद्यकीय तपासणीही असते. ज्याला गणवेशाची ओढ आहे त्याच्यासाठी हे दार उत्तम. केवळ फी वाचते म्हणून मात्र तिकडे वळू नये.

खरा धोका यादीच्या मध्यावर

मग धोका आहे तरी कुठे? परवडत नसलेले नाव यादीत ‘असू दे’ म्हणून लिहिण्यात. झेपेची जागा मिळाली नाही तर काही बिघडत नाही. न परवडणारी जागा मिळाली तर मात्र बिघडते.

अलीकडच्या वर्षांत केंद्रीय प्रक्रियेत पहिल्या फेरीत मिळालेली जागा न घेता बाहेर पडता येते. दुसऱ्या फेरीपासून मात्र जागा नाकारली तर अनामत जप्त होते. शेवटच्या फेरीत जागा मिळूनही रुजू न होणाऱ्याला पुढच्या नीटला बसू न देण्याची तरतूद आहे. अखिल भारतीय कोट्यासाठी खुल्या प्रवर्गाची अनामत १० हजार रुपये आणि राखीव प्रवर्गांची ५ हजार. अभिमत विद्यापीठांसाठी हीच अनामत २ लाख रुपये. ‘नाव तरी नोंदवून ठेवू’ म्हणत भरलेले २ लाख एका चुकीच्या पसंतीने जाऊ शकतात. आणखी एक गोष्ट विसरू नये. पुढच्या फेरीत वरची जागा मिळाली की आधीची आपोआप सुटते. म्हणून हातच्या जागेपेक्षा जे खरोखर अधिक हवे आहे तेच तिच्या वर लिहावे. राज्यांचे नियम वेगळे असतात आणि दर वर्षी थोडेफार बदलतात, तेव्हा त्या वर्षीची पुस्तिका पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचावी. हे काम क्लासवाल्यांवर सोपवू नये.

साडेपाच वर्षांचा हिशेब

महाराष्ट्रातील सरकारी महाविद्यालयांची फी वर्षाला लाख-दीड लाखाच्या घरात जाते. खासगी महाविद्यालयांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते आणि ती साधारण ६ ते १५ लाखांच्या दरम्यान असते. संस्था स्तरावरील कोट्यात ती कित्येक पट होते. अनेक अभिमत विद्यापीठांत वर्षाचे १५ ते २५ लाख किंवा त्याहूनही अधिक मोजावे लागतात.

समजा, एका घरात वडील पन्नाशीचे आहेत, वर्षाची मिळकत ७ लाख आणि शिल्लक ८ लाख. मुलीला सरकारी जागा मिळाली तर साडेचार वर्षांची फी आणि साडेपाच वर्षांचे राहणे-जेवण मिळून खर्च साधारण ११-१२ लाखांत बसतो. शिल्लक आणि थोडे कर्ज यांत ते भागते. खासगी जागेची फी वर्षाला १० लाख असेल तर फीच ४५ लाख होते आणि सगळा खर्च पन्नाशी ओलांडतो. त्यासाठी ४० लाखांचे कर्ज १० टक्के व्याजाने १० वर्षांसाठी घेतले तर महिन्याचा हप्ता जवळपास ५३ हजार बसतो आणि एकूण परतफेड ६३ लाखांच्या वर जाते. शिकतानाच्या वर्षांचे व्याज यात धरलेलेच नाही. हप्ते सुरू होतील तेव्हा वडील निवृत्तीला टेकलेले असतील आणि मुलगी पदव्युत्तर प्रवेशाच्या तयारीत किंवा निवासी डॉक्टर म्हणून राबत असेल. तारण कदाचित राहते घर असेल आणि मागे शिकणारा धाकटा भाऊही असेल.

एमबीबीएस हा आज शेवटचा टप्पा राहिलेला नाही, हेही इथे लक्षात घ्यायला हवे. एमडी किंवा एमएसची तीन वर्षे बहुतेकांना करावीशी वाटतात. सगळी पुंजी पहिल्याच पदवीवर खर्च झाली तर दुसऱ्या वेळी हात रिकामे राहतात. आणि तपासायला पुरेसे रुग्ण मिळणे हेच डॉक्टरचे खरे शिक्षण असेल, तर जिल्ह्याच्या गर्दीच्या सरकारी रुग्णालयाला कमी लेखण्याचे कारण नाही.

सवलती आणि अटी

महाराष्ट्रात वार्षिक ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिष्यवृत्तीतून शिक्षण शुल्कात सवलत मिळते. जुलै २०२४ च्या निर्णयानुसार याच उत्पन्न मर्यादेतील आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या प्रवेशाला आणि अभिमत विद्यापीठांना मात्र ही सवलत नाही. म्हणजे एकाच मुलीसाठी दोन जागांच्या खर्चात आकाशपाताळाचा फरक पडतो. उत्पन्नाचा, अधिवासाचा आणि नॉन-क्रिमीलेअरचा दाखला निकालाआधीच काढून ठेवावा. ऐन प्रवेशाच्या वेळी तहसील कचेरीत रांगा लागतात.

केंद्राने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केलेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत निवडक संस्थांतील प्रवेशासाठी तारणाशिवाय कर्ज मिळते. ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना, अटींत बसल्यास, १० लाखांपर्यंतच्या कर्जावर शिकण्याच्या काळात ३ टक्के व्याज सवलत आहे. आपली संस्था त्या यादीत आहे का, ते बँकेत आधी विचारावे.

बंधपत्राची अटही वहीत लिहावी. महाराष्ट्रात सरकारी आणि पालिका महाविद्यालयांतून एमबीबीएस झाल्यावर एक वर्ष सेवा करावी लागते, नाहीतर १० लाख रुपये भरावे लागतात. इतर राज्यांत कालावधी आणि रक्कम निराळी असते. परराज्यातली कमी फी पाहून हरखून जाण्याआधी हा कागद वाचावा.

परदेशाची स्वस्त जागा दाखवणारे एजंटही याच दिवसांत दारात येतात. २०२१ च्या नियमांनुसार परदेशी पदवी किमान ५४ महिन्यांची, इंग्रजी माध्यमाची आणि एकाच संस्थेतली हवी. शिवाय तिथे १२ महिने आणि इथे १२ महिने इंटर्नशिप, वर परतल्यावर परवाना परीक्षा. हे सारे खर्चात धरले की स्वस्ताई बरीच आटते.

घरात बसून ठरवा

यादी भरण्याआधी एका संध्याकाळी आई-वडिलांनी मुलासमोर घरचा जमाखर्च मांडावा. किती देता येईल, किती कर्ज झेपेल आणि कोणत्या आकड्यापुढे जायचे नाही, हे स्पष्ट सांगावे. ‘पैशाचे आम्ही बघू, तू फक्त अभ्यास कर’ हे वाक्य प्रेमाचे असते, पण त्याचे ओझे पुढे मुलालाच जाणवते. सतरा-अठरा वर्षांच्या मुलांना घरची परिस्थिती कळते. सांगितली तर ती अधिक शहाणपणाने निवड करतात.

मग त्या आकड्यापलीकडची सर्व नावे खोडावीत, ती कितीही नामांकित असोत. उरलेल्या नावांत झेपेची जागा पहिली, जोडीची मध्ये, भरवशाची शेवटी. आणि यातले काहीच न मिळाल्यास काय, तेही आधीच ठरवावे. पुन्हा एक वर्ष तयारी करायची तर लातूर किंवा कोट्याच्या क्लासचा आणि खोलीचा खर्च मांडावा. दंतवैद्यक, आयुर्वेद, फिजिओथेरपी किंवा नर्सिंग यांचाही मोकळ्या मनाने विचार व्हावा. हा निर्णय निकालाच्या रात्री घेण्याऐवजी यादीच्या आधी घेतलेला बरा. त्या वेळी घरातली सगळी माणसे शांतपणे बोलू शकतात.