आगाऊ जेवणाचा सौदा : लाभाचा की तोट्याचा?

दिवाळीचे वहीपूजन आटोपले, नव्या वहीचे पहिले पान लिहून झाले, की आमच्या अंबरपेठेतील दुकानदारांच्या घरी सहलीच्या गोष्टी निघू लागतात. पूर्वी प्रवासी कंपन्यांची पत्रके टपालाने येत. आता ती भ्रमणध्वनीवर येतात, एवढाच फरक. त्यांत खोलीच्या भाड्याखाली बारीक अक्षरांत चार पर्याय दिलेले असतात. ई. पी. म्हणजे केवळ खोली, सी. पी. म्हणजे खोली व सकाळची न्याहारी, एम. ए. पी. म्हणजे न्याहारी आणि एक मोठे जेवण, आणि ए. पी. म्हणजे न्याहारीसह दोन्ही वेळची जेवणे. खाली ठळक टाइपात लिहिलेले असते की आगाऊ पैसे भरल्यास जेवणावर भरघोस सूट. सूट हा शब्द वाचून व्यापाऱ्याचा हात खिशाकडे जातो. आमचाही गेला होता, आणि म्हणूनच या विषयावर चार शब्द लिहिण्याचा अधिकार आम्ही आमच्याकडे घेत आहोत.

स्मरणिकेसारख्या ठिकाणी हॉटेलच्या दरपत्रकाची चर्चा कशाला, असे काही सभासदबंधूंस वाटेल. परंतु आम्हांस हा प्रश्न केवळ दरपत्रकाचा वाटत नाही. ज्या घरात वडील माणसे रात्रिभोजन करीत नाहीत आणि नातवंडे रात्री नऊ वाजल्याखेरीज जेवत नाहीत, त्या घराने एकत्र सहलीस जावे तरी कसे, हा खरा प्रश्न आहे. आणि असे घर आज आपल्यांत अपवाद राहिलेले नाही.

प्रथम हिशेब पाहू. उक्ता सौदा आणि जिन्नसवार सौदा यांतील भेद आपणांस कोणी शिकवावयास नको. उक्त्या सौद्यात ज्याला मालाची खरी उठावण ठाऊक, त्याची सरशी होते. हॉटेलवाल्यास शंभर पाहुण्यांपैकी किती जेवतात आणि किती बाहेर राहतात, याचा अनुभव असतो. आगाऊ जेवणाचा दर तो त्या सरासरीवरच बांधतो. ती सरासरी मात्र आपल्या घराची नव्हे. सामिष आणि निरामिष अशा दोन्ही पाहुण्यांसाठी मांडलेल्या पंगतीच्या दरात मासळी, मटण, अंडी या सर्वांचा खर्च मिसळलेला असतो. आपण तेथे जाऊन वरण, भात, पोळी आणि कांदा-बटाटा नसलेली एखादी भाजी सापडली तर ती, एवढेच उचलतो; पैसे मात्र सबंध टेबलाचे भरतो.

एक उदाहरण धरून चालू. सहा माणसांचे कुटुंब आहे : आजी-आजोबा, मुलगा-सून आणि दोन मुले. मुक्काम दोन दिवसांचा. जेवणघरात रोख देऊन जेवल्यास मोठ्या माणसास ७५० रुपये. आगाऊ भरल्यास ६००. मुलांस निम्मे. दोन दिवसांची दोन वेळची मिळून २४ जेवणे होतात आणि आगाऊ रक्कम १२,००० रुपये होते. आता प्रत्यक्षात काय घडते? आजी-आजोबांचे सूर्यास्तानंतरचे जेवण वर्ज्य, म्हणजे चार जेवणे गेली. एक दिवस सर्व मंडळी स्थळे पाहण्यास बाहेर पडली व दुपारी तिकडेच जेवली, म्हणजे आणखी सहा गेली. उरली १४. ही चौदा जेवणे चढ्या रोख दरानेही विकत घेतली असती, तर मोठ्यांच्या आठ जेवणांचे ६,००० आणि मुलांच्या सहा जेवणांचे २,२५० मिळून ८,२५० रुपये झाले असते. सूट घेऊन ३,७५० रुपये अधिक दिले!

याचा निष्कर्ष सोपा आहे. सूट पाचास एक असेल, तर पाचांतले एकाहून अधिक जेवण चुकले की तोटा सुरू होतो. चौविहार पाळणाऱ्याचे दोहोंतले एक जेवण आधीच चुकलेले असते. त्याच्यासाठी निम्म्याहून कमी सुटीची कोणतीही योजना, रात्रीचे जेवण सूर्यास्तापूर्वी मिळत नसेल तर, तोट्याचीच आहे. त्यात पुष्कळ ठिकाणी नियम असा की एका खोलीतील सर्वांनी एकच योजना घ्यावी. म्हणजे मुलासाठी घेतलेली योजना आईच्या नावावरही चढते.

आमच्या खानावळींची रीत यापेक्षा किती शहाणपणाची होती! १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता, आणि तिकडील विद्यार्थी आपल्या शेजारच्या उस्मानिया विद्यापीठात शिकावयास येत. खानावळीचे पैसे महिन्याचे असत. परंतु गावी जावयाचे असले की आदल्या दिवशी सांगून ठेवावयाचे. मग तितक्या वेळांचा खाडा धरला जाई व महिनाअखेर पैसे वजा होत. पुण्या-मुंबईच्या खानावळींतही हीच चाल होती. खानावळवाल्या बाईंस दुसऱ्या दिवशी किती पोळ्या लाटावयाच्या ते कळे, जेवणाऱ्याचा पैसा वाचे, आणि अन्न उकिरड्यावर जात नसे. अक्षरशत्रू बाईच्या वहीत जी सोय होती, ती संगणकावर चालणाऱ्या हॉटेलात का असू नये, हे कोडे आम्हांस उलगडलेले नाही. किंबहुना उलगडले आहे : न खाल्लेले जेवण हाच या धंद्यातला निव्वळ नफा आहे.

गेल्या काही वर्षांपूर्वीचा आमचा स्वतःचा अनुभव सांगतो. डिसेंबरात एका डोंगरावरील रिसॉर्टात आम्ही सहकुटुंब गेलो, ए. पी.चे पैसे घरूनच भरले होते. ‘जैन जेवण मिळेल’ असे आम्हांस दूरध्वनीवर सांगण्यात आले होते, व ते खोटे नव्हते. कांदा-लसूण नसलेल्या दोन भाज्या खरोखरच वेगळ्या ठेवीत. पण जेवणघर उघडे साडेसातला. डिसेंबरात आपल्या हैदराबादेत सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो, आणि पश्चिमेकडे सह्याद्रीवर गेले तरी वीसएक मिनिटांचाच काय तो वाढावा मिळतो. व्यवस्थापक सज्जन गृहस्थ होते. त्यांनी मोठ्या मेहेरबानीने सात वाजता दार उघडण्याची तयारी दाखविली! जैन जेवण हे जिन्नसांचे नाव नसून वेळेचेही नाव आहे, ही गोष्ट त्यांस कोणी सांगितलीच नव्हती. आम्हीही विचारले नव्हते. दोष निम्मा आमचा.

मातोश्रींनी पहिल्या दिवशी साडेपाचला खिडकीपाशी बसून घरून आणलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. आम्ही मात्र, पैसे भरलेलेच आहेत या विचाराने, मुलांस रात्री तीन-तीन वेळा पंगतीकडे पाठविले. दुसऱ्या दिवशी धाकट्याचे पोट बिघडले. तरीही दुपारी आम्ही त्याला घेऊन जेवणघराकडे निघालो, तेव्हा मातोश्री एवढेच म्हणाल्या, “अरे, पैसे भरलेस त्या दिवशीच ते गेले. आता पोराचं पोट कशाला घालवतोस?” चाळीस वर्षे किराणा मालाचा धंदा करून जे आम्हांस सुचले नाही, ते कधीही गल्ल्यावर न बसलेल्या माणसास सुचले. खराब झालेल्या डाळीत भाव दिला म्हणून ती डाळ कोणी घरी शिजवीत नाही. पंगतीत मात्र आपण नेमके तेच करतो.

येथे व्यवहारापलीकडचीही एक गोष्ट येते. सहा बाह्य तपांत अवमौदर्य सांगितले आहे, म्हणजे भुकेहून चार घास कमी खाणे. श्वेतांबर बंधू त्यासच ऊनोदरी म्हणतात. आगाऊ पैसे घेऊन अमर्याद पंगत मांडणे म्हणजे या व्रताच्या नेमक्या उलट्या दिशेने माणसास ढकलणे होय. कमी खाणाराला येथे आपण फसलो असे वाटू लागते! ताट धुऊन पिण्याची चाल ज्या घरांत अजून आहे, त्या घरांतील मुले तेथे अर्धवट टाकलेली ताटे घेऊन उठतात आणि त्यांस कोणी हटकीत नाही.

इतके लिहिल्यावर वाचकांस वाटेल की आम्ही या योजनांच्या सरसकट विरुद्ध आहोत. तसे नाही. सहलीस जाताना स्टो, कुकर, पिठाचा डबा बरोबर घ्यावा आणि खोलीच्या कोपऱ्यात सुनेने पोळ्या लाटाव्यात, बाकीच्यांनी सूर्यास्त पाहावा, अशीही सहल आम्ही पाहिली आहे. ती काटकसर नव्हे. ती एका माणसाच्या सुटीची चोरी आहे. घरातील स्त्रियांस चार दिवस चुलीपासून सुटका मिळत असेल, तर हजार-दोन हजार रुपये जास्त गेले तरी आम्ही त्यास तोटा म्हणणार नाही. जेवणाच्या यादीतील उजवीकडचे आकडे न पाहता मुलांस हवे ते मागता यावे, यातही सुख आहे. फक्त ते सुख विकत घेताना तोलून घ्यावे.

माथेरानचे उदाहरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. तेथे मोटारीस बंदी आहे. दस्तुरी नाक्यापुढे पायी, घोड्यावर किंवा झुकझुक गाडीने जाता येते. ही गाडी १९०७ साली सुरू झाली. भाजीपाला, किराणा सर्व घोड्यांवर व माणसांच्या हातांनी वर चढतो. रोज तीन वेळा लाल मातीतून चालत जाऊन जेवणाची जागा शोधणे वृद्धांस शक्य नसते. म्हणूनच तेथील पुष्कळ हॉटेले खोलीचे भाडे वेगळे न सांगता माणशी जेवणासह दर सांगत आली आहेत. गुजराती व जैन गिऱ्हाईक मोठे असल्याने सूर्यास्तापूर्वी ताट वाढण्याची सवयही अनेक स्वयंपाकघरांस आहे. अशा ठिकाणी जेवण चुकत नाही, आणि मग सगळे पैसे भरणे योग्यच ठरते. उलट आपल्या शहराच्या वेशीबाहेर गाडीच्या वाटेवर शनिवार-रविवारी जावयाचे असेल, तर केवळ न्याहारीची सी. पी. पुरे. सूर्योदयानंतर ४८ मिनिटांनी नवकारशी होते, डिसेंबरातही साडेसातच्या सुमारास. न्याहारीची वेळ तिच्याशी जुळते. अर्थात पोह्यांत कांदा, सांबारात कांदा, डोशाच्या पोटात बटाटा, ही विघ्ने आहेतच. आंबवलेल्या पिठाचा विधिनिषेध ज्याचा त्याने पाहावा.

वरंगळच्या वाटेवर आलेरजवळ आपले कुलपाकजी आहे. तेथील भोजनशाळेत ना ए. पी., ना सी. पी. वेळेवर जावे, पास घ्यावा, जेवावे. दिवस मावळला की चूल बंद. ज्याला खेळावयाचे तलाव आणि झोके हवेत त्याने तेथे जाऊ नये. पण ज्याला तीन पिढ्यांनी एका पंगतीत बसावयाचे आहे, त्याने मुलांस एकदा तरी तेथे न्यावे.

कराविषयी थोडेसे. सप्टेंबर २०२५ च्या बदलानंतर रोजी ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के व त्यापुढे १८ टक्के वस्तू व सेवा कर लागतो. तेव्हा खोली व जेवण यांच्या रकमा निरनिराळ्या लिहून मागाव्यात, आणि दोन्ही एकत्र केल्याने ही रेषा ओलांडली जाते काय ते आधीच विचारून घ्यावे. सेवाशुल्क बिलात आपोआप चढविता येत नाही, ही गोष्ट दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये मान्य केलेली आहे. नाताळच्या व ३१ डिसेंबरच्या रात्री काही ठिकाणी ‘विशेष मेजवानी’ सक्तीची असते. ती सुरूच होते रात्री आठ-नऊला, व तिचे पैसे चौविहारवाल्याकडूनही वसूल होतात. त्या दोन तारखा टाळलेल्या बऱ्या. तसेच पंचांग उघडून अष्टमी-चतुर्दशी पाहावी. उपवासाच्या दिवसाचे जेवण आगाऊ विकत घेणारे महाभाग आमच्या ओळखीचे आहेत.

आपल्या मंडळाने या बाबतीत थोडा पुढाकार घ्यावा, अशी आमची सूचना आहे. एकटे कुटुंब सांगते तेव्हा हॉटेलवाला ऐकून घेत नाही. पंचवीस कुटुंबांची एकगठ्ठा मागणी गेली, तर तो सूर्यास्ताचे वेळापत्रक स्वतः मागवून घेईल. घाऊक खरेदीत भाव कसा पाडावा हे ज्या मंडळीस ठाऊक आहे, त्यांनी घाऊक जेवणात दोन अटी का घालू नयेत? एक, सायंकाळचे ताट सूर्यास्तापूर्वी किमान अर्धा तास. दुसरी, आदल्या रात्री कळविल्यास खाडा. येत्या मे महिन्यात आपल्यापैकी काही कुटुंबांचा माथेरानचा बेत आहे असे कळते. त्या सुमारास तिकडे सूर्य सातच्या आसपास मावळतो. तेव्हा साडेसहाला पाने वाढली जातील असे हॉटेलकडून लेखी घ्यावे, आणि ते पत्र हाती पडल्यावरच इसार पाठवावा.