प्रार्थनामंदिराबाहेरचे इस्राएलपण

ज्यांनी शब्बाथ पाळणे सोडले, ज्यांच्या घरी आहाराचे निर्बंध उरले नाहीत आणि ईश्वराच्या अस्तित्वाविषयीही ज्यांचा निश्चय डळमळीत आहे, अशा माणसांनी यहुदी म्हणवून घेऊन मंडळे काढावीत, वाचनालये आणि नाटके चालवावीत, मजुरांच्या वेतनासाठी भांडावे आणि या सर्व खटाटोपाला आपल्या पूर्वजांच्या परंपरेचे नाव द्यावे, ही शुद्ध आत्मवंचना आहे, असा आक्षेप कर्मठ यहुदी धर्मपंडित तर घेतातच, पण परधर्मीयांच्या निष्ठेचे मोजमाप करण्याची हौस असलेले आपल्याकडील धर्माभिमानीही तो तितक्याच आवेशाने घेताना आढळतात. याच्या नेमक्या उलट बाजूने, स्वतःस पुरोगामी म्हणविणारे विचारवंत असे विचारतात की, न्याय हे जर अखिल मानवजातीचे मूल्य आहे, तर त्यासाठी झटणाऱ्याने आपल्या पंथाची पाटी कपाळावर लावण्याचे प्रयोजन काय? हे दोन्ही पक्ष एकमेकांचे वैरी दिसत असले, तरी परंपरा म्हणजे विधी आणि विधी म्हणजे परंपरा, हे त्यांचे गृहीतक एकच आहे. आणि ते सर्वस्वी चुकीचे आहे, असे मला या लेखात दाखवावयाचे आहे.

प्रथम कर्मठांचा पक्ष घेऊ. विधी उणा झाला की यहुदीपणही उणे झाले, या म्हणण्याला यहुदी धर्मग्रंथातच फारसा आधार नाही. आमोस आणि यशया या संदेष्ट्यांनी, गरिबाला तुडवून साजऱ्या केलेल्या सणांचा व यज्ञांचा ज्या शब्दांत धिक्कार केला आहे, ते शब्द त्या धर्माच्या शत्रूंचे नसून त्याच्या प्रमाणग्रंथातले आहेत, हे आक्षेपकांनी ध्यानात ठेवावयास हवे होते. इतिहासाचा दाखलाही तोच आहे. १८९७ साली विल्ना येथे बुंद नावाची यहुदी कामगारांची संघटना निघाली आणि १९०० साली न्यूयॉर्कमध्ये स्थलांतरित यहुदी मजुरांनी ‘आर्बेटर रिंग’ हे परस्परसाह्याचे मंडळ रीतसर उभे केले. या दोहोंनी धर्मविधींना आपल्या कारभारात स्थान दिले नाही, आणि तरीही यिद्दिश भाषा, तिचे साहित्य आणि तिची गाणी यांचे संगोपन त्यांच्याइतके क्वचितच कोणी केले असेल. न्यूयॉर्कच्या ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्यात २५ मार्च १९११ रोजी आग लागून १४६ कामगार मेले, त्यांत बहुसंख्य यहुदी व इटालियन घरांतल्या तरुण मुली होत्या. त्या मृत मुलींच्या बहिणी आणि मैत्रिणी ज्या निर्धाराने कामगार संघटनांत शिरल्या, तो निर्धार यहुदी परंपरेच्या बाहेरचा ठरवावयाचा असेल, तर त्या परंपरेतून आमोसचे नावही खोडावे लागेल.

परंतु पश्चिमेचे दाखले मराठी वाचकाला ऐकीव वाटतील. आणि त्यांची गरजही नाही, कारण याच प्रश्नाचे सर्वांत बोलके उत्तर आपल्या कोकणात शतकानुशतके नांदत आले आहे. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या आणि त्यांच्यापासून आपला वंश वाढला, अशी बेने इस्राएल समाजाची परंपरागत समजूत आहे. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ‘शनिवार तेली’ या नावाने गावकीत ओळखले जाणारे, केहिम, दिवे, राजपुरी, झिराड, पेण या गावांवरून आडनावे घेणारे हे लोक, हिब्रू ग्रंथ आणि धर्मगुरू या दोहोंनाही पारखे होऊन अनेक पिढ्या राहिले. त्यांच्याजवळ उरले काय, तर शनिवारचा विसावा, सुंता, खाण्यापिण्याचे काही निर्बंध, ‘शेमा’ ही एक प्रार्थना, आणि एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्याच्या नावाने पोहे, नारळ व फळे एकत्र करून केलेला मलिदा. त्यांच्या सणांची नावेही नव्याचा सण, खिरीचा सण, दारफळणीचा सण, अशी कोकणच्या मातीतली. शास्त्रशुद्ध विधी हाच जर यहुदीपणाचा प्राण असता, तर हा समाज केव्हाच शेजारच्या जातींत विरून जावयास हवा होता. तो विरला नाही, कारण त्याने जे जपले ते घरातले, अंगणातले, चुलीजवळचे आणि भाषेतले होते; आज ज्याला आपण संस्कृती म्हणून धर्मापासून निराळी काढतो, नेमक्या त्याच वस्तूने येथे धर्माला तारले.

पुढे मुंबईत सामाजी हसाजी दिवेकर यांनी १७९६ साली पहिले प्रार्थनामंदिर बांधले. बेने इस्राएल लोक त्याला मशीदच म्हणत, आणि मशीद बंदर हे नाव त्यावरूनच पडले असे सांगतात. धर्मग्रंथ परत हाती आले, पाठशाळा निघाल्या. तेव्हा या समाजाने आपला मराठी वारसा जुना झाला म्हणून टाकून दिला काय? मुळीच नाही. १८७४ साली पुण्यात वल्हांडण सणाची हगादा ही पोथी मराठी भाषांतरासह छापली गेली, तिच्या चित्रांत बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका नऊवारी नेसलेल्या आहेत. आणि १८८० साली बेंजामिन शिमशोन अष्टमकर, डेव्हिड हाईम दिवेकर आदी मंडळींनी मुंबईत ‘कीर्तनोत्तेजक मंडळ’ स्थापून अब्राहाम, योसेफ व मोशे यांची आख्याने साकी, दिंडी, अभंग अशा वृत्तांत गावयास आरंभ केला. हे हिंदूंचे अनुकरण होते आणि म्हणून दुय्यम होते, असे म्हणणारे काही पंडित आहेत. त्यांना मी एवढेच विचारतो की, मिसरातून सुटका झालेल्या गुलामांची कथा ज्या स्त्रीला हिब्रूत कळत नव्हती, तिला ती नामदेव-तुकारामांच्या चालीवर कळू लागली, तर यात उणे कोणाचे झाले? कीर्तनाच्या रंगात बसलेल्या श्रोत्याला मोशेच्या मुखातून फारोहाला दिलेले आव्हान मराठीत ऐकू येणे, ही त्या कथेची पुनःप्राणप्रतिष्ठा होती. मला तर कीर्तनोत्तेजक मंडळ हे त्या शतकातील मराठी समाजाच्या सर्वांत थोर कामांपैकी एक वाटते, आणि आपल्या वाङ्मयेतिहासकारांनी त्याची नोंद जेमतेम घ्यावी, याचा खेद वाटतो.

संस्कृतीच्या बरोबरीने शिक्षण आले. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८७५ साली काढलेली शाळा पुढे सर एली कदूरी हायस्कूल झाली. १९०५ सालच्या मॅट्रिक परीक्षेत पहिल्या आलेल्या रेबेका रूबेन १९२२ पासून १९५० पर्यंत तिच्या मुख्याध्यापिका होत्या. समाजातील स्त्रियांचे ‘स्त्री मंडळ’ १९१३ साली निघाले. यावर पुरोगामी आक्षेपक म्हणेल की, ही सारी आपल्याच ज्ञातीच्या उन्नतीची कामे झाली. असल्या ज्ञातिसंस्था महाराष्ट्रात गल्लोगल्ली आहेत, त्यांत न्यायाचे ते काय? आक्षेप योग्य आहे, आणि म्हणूनच त्याचे उत्तर पुढच्या हकिकतीने द्यावे लागते. त्या शाळेत आज शिकणारी बहुतेक मुले यहुदी नाहीत. बहुसंख्य मुसलमान घरांतली आहेत. स्वज्ञातीसाठी बांधलेली वास्तू स्वज्ञाती परदेशी गेल्यावर कुलूप लावून बंद करता आली असती, अगर तिच्या जमिनीचा सौदा करता आला असता. तसे न करता शेजाऱ्याच्या मुलासाठी ती उघडी ठेवली गेली.

आणि याच समाजातल्या डॉक्टर जेरुशा झिराड यांचे काय? हिंदुस्थान सरकारची शिष्यवृत्ती घेऊन विलायतेत वैद्यक शिकावयास गेलेली ही पहिली स्त्री १९१९ साली लंडन विद्यापीठाची एम.डी. झाली आणि १९२९ पासून १९४७ पर्यंत मुंबईच्या कामा रुग्णालयाची प्रमुख होती. बाळंतपणात मुंबईच्या स्त्रिया कशाने मरतात, याची १९३७-३८ साली त्यांनी जी शिस्तशीर चौकशी केली, तिने दैवाच्या माथी मारले जाणारे मृत्यू पंडुरोग, उपेक्षा आणि वेळेवर न मिळालेली मदत यांच्या खात्यावर आणून ठेवले. न्यायाचे काम म्हणजे याहून निराळे काय असते, हे मला कोणी समजावून सांगावे. याच झिराडबाईंनी १९२५ साली मुंबईत उदारमतवादी ‘ज्यूइश रिलिजस युनियन’ स्थापन करण्यात पुढाकार घेतला. यावरून कर्मठ म्हणतील की, पहा, त्या धार्मिक होत्या, तुमच्या निधर्मी पक्षाच्या नव्हत्या. खुशाल म्हणोत. माझा पक्ष श्रद्धेच्या विरुद्ध नाहीच. ज्याची श्रद्धा टिकली त्याने आणि ज्याची सुटली त्याने एकाच प्रसूतिगृहाच्या दारात भेटावे, आणि त्या भेटीला दोघांनीही आपल्या परंपरेचे नाव द्यावे, एवढेच माझे म्हणणे आहे. याच समाजातले कवी निस्सिम एझिकेल तरुणपणी मानवेंद्रनाथ रॉय यांच्या रॅडिकल डेमोक्रॅटिक पक्षात काम करीत होते, इंग्रजीत कविता लिहीत होते, आणि पुढे इंदिरा संतांच्या कविता त्यांनी वृंदा नाबर यांच्यासह इंग्रजीत नेल्या. त्यांना ज्यू कवी म्हणताना कोणाची जीभ अडखळत नाही.

येथवर मंडन झाले. पण पक्षपाताने केलेले मंडन खंडनाहून घातक असते. बेने इस्राएलांत गोरे इस्राएल आणि काळे इस्राएल असे दोन भाग होते. परजातीय स्त्रियांशी झालेल्या संबंधांतील संतती म्हणून काळ्यांशी बेटीव्यवहार होत नसे, पंक्तीत त्यांना वेगळे ठेवीत, प्रार्थनामंदिरात त्यांना बरोबरीचा मान नसे. ज्या लोकांनी गुलामगिरीतून सुटकेची कथा दर वर्षी आपल्या मुलांना सांगितली, त्यांनी आपल्याच रक्ताच्या माणसांना पंक्तीच्या टोकाला बसवले. आणि तोच न्याय त्यांच्याही वाट्याला आला. १८३६ साली, बगदादकडून येऊन मुंबईत स्थायिक झालेल्या बगदादी यहुद्यांच्या पुढाऱ्यांनी मुंबई सरकारकडे अर्ज करून, बेने इस्राएलांच्या थडग्यांपासून आमची थडगी अलग करणारी भिंत दफनभूमीत घालून मिळावी, अशी मागणी केली. पुढे सव्वाशे वर्षांनी, इस्राएल देशात जाऊन स्थायिक झालेल्या याच लोकांच्या विवाहांविषयी १९६२ साली तेथील धर्मपीठाने चौकशीचे असे हुकूम काढले की, कित्येक पिढ्यांची वंशावळ तपासल्याशिवाय त्यांच्याशी लग्न लावू नये. तेव्हा कोकणातून गेलेली ही माणसे जेरुसलेमच्या रस्त्यावर आली, त्यांनी उपोषण आणि सत्याग्रहाचा मार्ग धरला, आणि ऑगस्ट १९६४ मध्ये तेथील संसदेला, बेने इस्राएल हे सर्वार्थाने यहुदी असून त्यांचे हक्क इतरांइतकेच आहेत, असा ठराव करावा लागला.

केवळ संस्कृती जपली म्हणजे भागले, मलिदा झाला, कीर्तन झाले, जुने खाद्यपदार्थ मांडून मेळावा भरवला म्हणजे परंपरा सांभाळली, असे मानणाऱ्या आजच्या हौशी मंडळींनी या प्रकरणाचा विचार करावा. गोऱ्या-काळ्यांच्या काळातही मलिदा होतच होता. संस्कृती माणसांना एकत्र आणते, पण कोणाला पंक्तीतून उठवायचे हेही तीच ठरवू शकते. तिला न्यायाची जोड नसेल तर ती नुसती कुळाची शेखी होते. उलट, न्यायाच्या कामाला भाषा, गाणे, सण, आजीची आठवण यांचा आधार नसेल, तर ते काम एका पिढीपुरते राहते, असा अनुभव आहे. म्हणून ज्या समाजमंडळात शुक्रवारी संध्याकाळी दिवे लावले जातात आणि शनिवारी मजुरांच्या हक्काची सभा भरते, तेथे मला विसंगती दिसत नाही.

आता तिसरा आक्षेप, जो पुस्तकातून नव्हे तर येथे, तुमसर तालुक्यात, चिखल्यात तोंडावर ऐकावा लागतो. कोकणपट्टीच्या मूठभर लोकांचे हे पुराण, मँगनीजच्या खाणीवर पोट भरणाऱ्या गावाने कशाला ऐकावे? गेल्या शतकापासून या भागातली मँगनीजची खनिजे देशोदेशी गेली. त्यांच्या मागे येथे उरली ती भूमिगत खाण, ठेक्याची कामे आणि कामावर जाणाऱ्या आईबापांची मुले. त्या मुलांचा विषय निघाला, तर बेने इस्राएलांचे पुराण फार दूरचे राहत नाही.

मीरा महादेवन यांचे मूळ नाव मिरियम, त्या बेने इस्राएल घराण्यातल्या. आपल्या समाजाने इस्राएलला जावे की येथेच राहावे, या पेचावर त्यांनी ‘अपना घर’ ही हिंदी कादंबरी १९६१ साली प्रसिद्ध केली. गांधीजींच्या जन्मशताब्दीचे प्रदर्शन दिल्लीत राजघाटाजवळ उभे राहत असताना, १९६९ साली, त्या बांधकामावर राबणाऱ्या बायकांची तान्ही मुले दगडमातीत पडलेली त्यांनी पाहिली आणि तेथेच तंबू ठोकून पाळणाघर सुरू केले. त्यातून ‘मोबाइल क्रेशेस’ ही संस्था झाली. बांधकाम जिकडे जाईल तिकडे पाळणाघर जावे, ही तिची कल्पना. मीराबाई १९७७ साली गेल्या, संस्था चालू राहिली, आणि इमारत व इतर बांधकाम कामगारांच्या १९९६ च्या कायद्यात पाळणाघराचे कलम आले, त्यामागे अशा कामाचा रेटा होता. त्या हे काम गांधीवादी म्हणून करीत होत्या, यहुदी म्हणून नव्हे, असे कोणी म्हणेल. ज्या बाईने आपल्या समाजाच्या घराविषयी कादंबरी लिहिली आणि नंतर ज्यांना घर नाही अशा मुलांसाठी तंबू ठोकला, तिच्या अंतःकरणाची अशी वाटणी मला करवत नाही, आणि आक्षेपकाला ती करता येत असेल तर त्याच्याजवळ माझ्याहून बारीक तराजू असला पाहिजे.

खाणींसाठी पाळणाघराची तरतूद १९५२ च्या कायद्यात होती आणि तिचे नियम १९६६ साली झाले. पण १९९६ च्या कायद्यातले बांधकामाचे कलम पन्नासांहून अधिक स्त्रिया कामावर असतील तेथेच लागू होत असे. तुमसर तालुक्यातल्या रस्त्याच्या, घरकुलाच्या, बंधाऱ्याच्या कामावर एकावेळी पन्नास बायका क्वचितच असतात. दहा-बारा असतात, आणि त्यांची मुले खडीच्या ढिगाजवळ बसतात. त्या दहा-बारा बायकांच्या मुलांसाठी ग्रामपंचायतीने आणि मक्तेदाराने मिळून कामाच्या जागी सावली, पाणी आणि सांभाळणारी एक बाई यांची तजवीज करावी, अशी माझी मागणी आहे. ग्रामसभेच्या पुढच्या बैठकीत ती लेखी मांडली जाईल, आणि तिच्या आधाराला मीराबाईंच्या तंबूचा दाखला जोडला जाईल.